बाप्तिस्म्याच्या तारखेआधी आणि नंतर

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी झाला. चर्चच्या नोंदवहीनुसार त्या दिवशी त्या ख्रिस्ती झाल्या, आणि पुण्यामुंबईतल्या टीकाकारांच्या लेखीही. खुद्द रमाबाईंचा हिशेब वेगळा होता. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी नोंदवले आहे की, बाप्तिस्मा होऊन आठ वर्षे उलटल्यावर त्यांना कळून चुकले: आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही. कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले, त्या बाईने हे जाहीरपणे लिहावे याला मोठे धैर्य लागते. आधीच्या आठ वर्षांत त्या अमेरिकेला जाऊन आल्या होत्या, 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक त्यांनी प्रसिद्ध केले होते, विधवांसाठी शारदा सदन सुरू केले होते. जगाने दखल घ्यावी असे पुष्कळ काही त्यांच्या हातून झाले होते. तरी आतला बदल पुरा झालेला नाही, असे त्यांचे त्यांनाच वाटत होते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या बाबतीत क्रम नेमका उलटा आहे. त्यांच्या मनातली जात आधी गळून पडली आणि बाप्तिस्मा मागाहून झाला.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसांच्या समाजसेवेचा विषय निघाला की आपल्याकडे दोन ठरलेले सूर लागतात. एकात शाळा, दवाखाने, वसतिगृहे आणि अनाथाश्रम यांची यादी वाचली जाते आणि शेवटी आभार मानले जातात. दुसऱ्यात त्याच यादीकडे बोट दाखवून ते सगळे धर्मांतराचे आमिष होते, असा निकाल दिला जातो. दोन्ही सुरांत सेवा करणारा माणूस कुठेच दिसत नाही. त्याच्या श्रद्धेने आधी त्याच्यात काय बदलले, त्याला किती वर्षे लागली, त्याची किंमत घरात कोणी मोजली, आणि त्या बदलातून हे काम कसे उभे राहिले, हे कोणी विचारत नाही. पुढच्या पानांचा विषय तो आहे. त्यासाठी संस्थेच्या फाटकातून आत जाण्याआधी एका स्वयंपाकघरात जावे लागते.

हे स्वयंपाकघर लक्ष्मीबाईंचे. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली त्यांचा जन्म झाला. वडिलांचे सोवळे इतके टोकाचे की घरात येणारी वस्तू पाण्यातून काढल्याशिवाय त्यांना चालत नसे. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राच्या सुरुवातीच्या प्रकरणांत त्या सोवळ्याने घरादाराला कसे वेठीला धरले होते, ते वाचायला मिळते. अशा घरातली मुलगी नारायण वामन टिळकांच्या पदरी पडली. टिळक कवी, अस्वस्थ, लहरी आणि मनाने उदार. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडकले ते अडकलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला त्याची कल्पना नव्हती. पुढची काही वर्षे लक्ष्मीबाईंनी नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने काढली. त्या काळाचे त्यांनी केलेले वर्णन वाचताना वाचक टिळकांवर रागावतो, आणि रागवायलाच हवे. श्रद्धेने टिळकांना जे दिले त्याची किंमत आधी त्यांच्या बायकोने मोजली. ख्रिस्ती चरित्रकार हा भाग पुष्कळदा घाईने उरकतात. लक्ष्मीबाई तो उरकत नाहीत, म्हणून त्यांची साक्ष खरी वाटते.

पुढे त्या टिळकांकडे राहायला आल्या, त्याही आपल्या अटीवर. चूल वेगळी, पाणी वेगळे. नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यातली, असा तो संसार काही काळ चालला. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. राहुरीच्या मुक्कामात एके रात्री लक्ष्मीबाईंचे विचारचक्र सुरू झाले. जाती देवानेच केल्या असत्या तर माणसामाणसाच्या घडणीत काही फरक दिसला असता. तो तर कुठेच दिसत नाही. मग जाती माणसानेच केल्या असणार. ग्रंथ नाही, प्रवचन नाही, एका बाईने अंथरुणावर पडल्या पडल्या केलेला हा सरळ विचार. आपण यापुढे कोणाच्याही हातचे खाऊ, असे त्यांनी ठरवले आणि तसे बोलूनही दाखवले. लहानपणी वडिलांच्या घरी दिवसरात्र पाहिलेले सोवळे एका रात्रीत संपले, असे वर वर दिसते. खरे म्हणजे ते कित्येक वर्षे आतून झिजत आले होते.

या प्रसंगाला इथे एवढी जागा देण्याचे कारण आहे. महाराष्ट्रात ख्रिस्ती श्रद्धेची खरी परीक्षा पाण्याच्या भांड्यापाशी आणि जेवणाच्या पंक्तीत झाली. डोक्याने मानलेले हाताने करणे तिथेच अवघड होते. ज्या घरात ते जमले त्या घराचे दार उघडे झाले. टिळकांच्या घरी मग कोण केव्हा राहायला येईल याचा नेम राहिला नाही. विद्यार्थी, अनाथ मुले, वाट चुकलेले तरुण, सगळ्यांच्या ताटात वाढणारे हात लक्ष्मीबाईंचेच होते. टिळक हातातले देऊन टाकत आणि घर कसे चालवायचे ते लक्ष्मीबाई बघत. सेवेचा इतिहास लिहिताना देणाऱ्याचे नाव ठळक येते आणि निस्तरणारी व्यक्ती तळटीपेत जाते. 'स्मृतिचित्रे'ने हा अन्याय मराठीपुरता तरी थोडा दुरुस्त केला.

टिळकांचा स्वतःचा प्रवासही बाप्तिस्म्यापाशी थांबला नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. त्यांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग, ओवी आणि कीर्तन आणले. तोवर मराठी मंडळ्यांत विलायती चालींवर बसवलेली भाषांतरित गीतेच बहुतेक गायली जात. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार आणि नोकरी सोडली, साताऱ्याला संन्यस्त वृत्तीने राहिले आणि 'देवाचा दरबार' उभा करू लागले. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त असावेत, अशी त्यांची कल्पना होती. ज्या विधीसाठी त्यांनी संसार पणाला लावला होता, त्या विधीची अटही त्यांनी शेवटी सैल केली. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले आणि तो प्रयोग अर्धाच राहिला. त्यांचे अपुरे महाकाव्य 'ख्रिस्तायन' मात्र लक्ष्मीबाईंनी पुरे केले. त्यांनी शाळा पाहिलेली नव्हती. लिहा-वाचायला त्यांना टिळकांनीच शिकवले होते.

रमाबाईंची गोष्ट याहून मोठ्या पटावर घडते, पण मूळ तेच. इंग्लंडमध्ये असताना वाँटेजच्या मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅमचा एक आश्रम दाखवला. समाजाने 'पतित' ठरवलेल्या बायकांना तिथे मायेने वागवले जात होते. रमाबाईंनी शास्त्रपुराणे कोळून प्यायलेली होती. अशा बायकांसाठी त्यांत शिक्षा सापडते, आसरा सापडत नाही, ही त्यांची तक्रार होती. यांना हे करावेसे का वाटते, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीकाठची शोमरोनी स्त्री वाचून दाखवण्यात आली. पाच नवरे झालेल्या, परक्या जातीच्या बाईकडे येशू पाणी मागतो आणि धर्मातले गहनातले गहन तिलाच सांगतो. रमाबाईंच्या पुढच्या आयुष्याची दिशा इथे दिसू लागते. काही वर्षांनी केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले, तेव्हा त्यात अशाच बायकांसाठी 'कृपा सदन' होते. वाचलेली एक गोष्ट डोक्यात राहिली, तिचे घर झाले, आणि त्या घरात बायका राहू लागल्या.

केडगावच्या कामामागे दुष्काळही आहे. १८७६-७७ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण डोळ्यांदेखत गेली होती. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी, बेवारस मुलींना घेऊन आल्या. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या मुलींना खायला काय घालायचे, आणि त्याहून अवघड म्हणजे त्यांच्या हाताला काय द्यायचे? रमाबाईंनी शेती, गुरे, विणकाम, तेलाचा घाणा आणि छापखाना अशी एक वस्तीच बसवली. अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई. त्यात मुलगी मनोरमा पुढे होती.

त्यातला छापखाना जवळून पाहण्यासारखा आहे. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी त्यांना हवी होती, म्हणून पांडित्य त्यांनी बाजूला ठेवले. ते खिळे जुळवायचे, छापायचे, बांधायचे काम मुक्तीच्या मुली करत. दुष्काळातून उचलून आणलेली, अक्षर न ओळखणारी मुलगी काही वर्षांनी हाताशी खिळ्यांची पेटी घेऊन उभी आहे आणि एकेक अक्षर उलटे वाचत ओळ बांधते आहे, हे दृश्य त्या काळच्या महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे दिसले असते? जिच्यावर उपकार झाले तिलाच तिथे कसब मिळत होते. शेवटची प्रुफे हातावेगळी केल्यावर ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी मनोरमा गेली होती.

रमाबाईंवरचा आक्षेप टाळून पुढे जाणे योग्य नाही. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे आश्वासन होते. रमाबाई रोज आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, आणि काही मुली तिथे येऊन बसत. १८९३ साली यावरून मोठे वादळ उठले. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची तक्रार अगदीच पोकळ नव्हती. एकट्या, आधार तुटलेल्या विधवा मुलीला आसरा देणाऱ्या बाईचे उघडे दारही ओढ लावणारेच असते. पण ते दार बंद करणे म्हणजे आपण जे आहोत ते लपवणे, असे रमाबाईंना वाटत होते. त्याच सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून पुण्यात उभी राहिली आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिली, हेही विसरू नये. कर्व्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या कामाचा एक धागा तिथे जाऊन मिळतो.

ख्रिस्ती झाल्यावर माणूस साहेबाचा होतो, ही समजूतही रमाबाईंपुढे टिकत नाही. त्या शाकाहारी राहिल्या. वाँटेजच्या भगिनींशी त्यांचे खटके उडाले: क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, आपल्याला संस्कृत जवळचे, असे त्यांनी सुनावले. १८९७ च्या प्लेगमध्ये सरकारी रुग्णालयात आपल्या एका मुलीची झालेली हेळसांड त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून उघड केली आणि गव्हर्नरपर्यंत सगळ्यांचा रोष ओढवून घेतला. श्रद्धेने त्यांना नमते घ्यायला शिकवले नाही.

या सेवेचे दुसरे रूप रुग्णालयात दिसते. मिरजेला १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी रुग्णालय उघडले. त्या रुग्णालयाची, तिथल्या शस्त्रक्रियांची आणि वैद्यकीय शिक्षणाची कीर्ती मोठी आहे. पण श्रद्धा हाताला काय करायला लावते हे पाहायचे तर शस्त्रक्रियागृहापेक्षा वॉर्डात बघावे. परक्या माणसाचा मळ काढणे, जखम धुणे, बेडपॅन उचलणे ही कामे तेव्हा विटाळाची. चांगल्या घरच्या बाईने ती करणे कोणाच्या कल्पनेत नव्हते. मिरजेसारख्या मिशन रुग्णालयांतून तयार झालेल्या ख्रिस्ती मुलींनी ती अंगावर घेतली, आणि महाराष्ट्रात नर्स म्हटले की ख्रिस्ती बाई डोळ्यांसमोर येण्याचे दिवस पुढे बराच काळ राहिले. त्या कामाला आज पदवी आहे, पगार आहे, मान आहे. सुरुवातीला यांतले काहीच नव्हते. त्या मुली रात्रपाळीला कशाच्या बळावर उभ्या राहिल्या, याचे उत्तर श्रद्धेकडे गेल्याशिवाय मिळत नाही.

आता जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले आणि आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचे ठरवून त्यांनी लग्न केले. नगर जिल्ह्यातल्या वडाळा मिशनच्या रुग्णालयात काम करताना त्यांना एक गोष्ट बोचू लागली. बरे करून घरी पाठवलेले मूल काही महिन्यांनी तेच दुखणे घेऊन परत येई. रुग्णालय भरलेले असे, आणि गावातले आजारपण तसूभरही हलत नसे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून ते परतले आणि १९७० मध्ये जामखेडला आले. तालुका दुष्काळी, मोठे शहर लांब. जनावरांचा जुना दवाखाना त्यांना कामासाठी मिळाला.

पहिला बेत फसला. त्यांनी प्रशिक्षित नर्सबाईंना गावागावांत राहायला पाठवले. गावाने त्यांना आपले मानले नाही. मग गावातल्याच बायका निवडायच्या ठरल्या. त्यांतल्या पुष्कळ निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्यांना बाळंतपण, जुलाबावर मीठसाखरेचे पाणी, लसीकरण, कुष्ठरोगाची आणि क्षयाची लक्षणे शिकवली गेली. इथे दोन डॉक्टरांना जे सोडावे लागले ते पैशापेक्षा अवघड होते: आपल्यालाच सगळे कळते, हा डॉक्टरी अधिकार. अंगठाबहाद्दर बाईच्या हाती बाळंतपण देता म्हणून वैद्यकीय व्यवसायातूनच भुवया उंचावल्या. आरोळे दाम्पत्य उघडपणे ख्रिस्ती होते आणि आपल्या कामाचे मूळ येशूच्या शिकवणीत आहे, असे सांगत. गावातल्या बायका हिंदू होत्या, बौद्ध होत्या, मुसलमान होत्या, आणि तशाच राहिल्या.

या आरोग्यसेविका दर आठवड्याला जामखेडला मुक्कामी येत. मराठा, धनगर, महार, मांग अशा सगळ्या जातींच्या. सुरुवातीला एकीच्या शेजारी दुसरी निजायला तयार नसे. त्यावर भाषण देण्याऐवजी सगळ्यांना मिळून एकच मोठे पांघरूण देण्यात आले. थंडीच्या रात्री जिला तिला ते ओढून घ्यावेच लागे. १९७२ च्या दुष्काळात पाण्यासाठी विंधनविहिरी घ्यायची वेळ आली, तेव्हा त्या दलित वस्तीत घेतल्या गेल्या. घागर घेऊन कोणी कुठे जायचे हा गावाचा जुना रिवाज त्यामुळे उलटा झाला. १९७१ मध्ये या भागात जन्मलेल्या दर हजार बालकांमागे १७६ दगावत होती; नव्वदच्या दशकात तो आकडा तिशीच्या खाली आला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे देशोदेशींचे आरोग्य कार्यकर्ते शिकायला जामखेडला येऊ लागले आणि त्यांना शिकवायला उभ्या राहिल्या त्या याच बायका.

एवढे सगळे सांगितल्यावर चर्चच्या घरातली उणीवही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. नगर, मराठवाडा, सोलापूर या भागांतली पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे महार आणि मांग समाजांतून आली. काहींना 'दुष्काळातले ख्रिस्ती' म्हणून हिणवले गेले. भुकेल्या माणसाच्या श्रद्धेला कमअस्सल ठरवण्याचा अधिकार पोट भरलेल्यांना कोणी दिला, हा प्रश्न उरतोच. पण मंडळीत आल्यावरही जात पुरती गेली नाही. रोटीव्यवहार मोकळा झाला, बेटीव्यवहाराची कुंपणे बऱ्याच ठिकाणी राहिली. बाहेर, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेला दलित अनुसूचित जातींच्या सवलतींना मुकला. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्या मिळाल्या, त्याला अजून नाहीत. समाजाने त्याची जात लक्षात ठेवली आणि कायद्याने ती विसरली. श्रद्धा माणसाला बदलते, हे म्हणताना ती कुठे थबकली हेही लिहून ठेवले पाहिजे. राहुरीच्या रात्री लक्ष्मीबाईंनी जे ठरवले ते कित्येक ख्रिस्ती घरांत अजून ठरायचे आहे.

वसईचे उदाहरण आपल्या आठवणीतले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे कॅथलिक धर्मगुरू आणि 'सुवार्ता' मासिकाचे बराच काळ संपादक. १९८८ साली हरित वसई संरक्षण समितीच्या रूपाने ते बिल्डर आणि गुंडगिरी यांच्या विरोधात उभे राहिले. केळीच्या बागा, विहिरी, बावखले (पाणी साठवणारी तळी) वाचवणे हे धर्मगुरूचे काम आहे का, असे त्यांना चर्चमधूनही विचारले गेले. ते मागे हटले नाहीत, आणि त्या चळवळीत त्यांच्याबरोबर हिंदू आणि मुसलमान वसईकरही होते. पुढे त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा निवडीला विरोधही झाला. जुलै २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्या साध्या, रसाळ मराठीमुळे कित्येक बिगरख्रिस्ती घरांत बायबल पहिल्यांदा पोचले.

या सगळ्यांची नावे छापील कागदावर आहेत. रमाबाईंची पत्रे आहेत, टिळकांच्या कविता आहेत, १८४२ साली नगरला सुरू झालेल्या 'ज्ञानोदया'चे जुने अंक आहेत. ज्यांच्याविषयी काहीच छापलेले नाही अशी माणसे शेकड्यांनी आहेत: गावोगाव पायी फिरून बायकांना वाचायला शिकवणाऱ्या बायबलबाई, मिशन शाळांचे खेड्यातले मास्तर, वॉर्डातल्या रात्रपाळीच्या सिस्टर, कुष्ठधामातले ड्रेसर. त्यांच्या नोंदी मिशन रुग्णालयांच्या हजेरीपटांत, मंडळ्यांच्या बाप्तिस्मा आणि विवाह वह्यांत, घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत राहिलेल्या पत्रांत विखुरल्या आहेत. बरीच रुग्णालये आता थकली आहेत, इमारती विकल्या जात आहेत, आणि इमारत गेली की कपाटेही जातात. अशी वही किंवा पत्र कोणाच्या घरी असेल तर ते रद्दीत जाण्याआधी त्याची नक्कल करून ठेवावी. घरात ऐंशी-नव्वदीतली एखादी निवृत्त नर्स किंवा मास्तर असतील तर त्यांच्याशेजारी बसून ते सांगतील ते टिपून घ्यावे, आणि आपण हे काम का धरले, घरचे काय म्हणाले, पहिल्या दिवशी हात मागे आला का, हेही त्यांना विचारावे.